कबुलीची सही आणि परतीचे तिकीट

(शिक्षण व नोकरीनिमित्त अमेरिकेत राहणाऱ्या मुला-मुलींच्या पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा हा संपादित पाठ.)



पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर यांपैकी कोणत्याही शहरातील मध्यमवर्गीय वसाहतीत आज चौकशी केली, तर प्रत्येक इमारतीत एक तरी घर असे सापडते की ज्या घरातील मुलगा, मुलगी किंवा भाचा अमेरिकेत आहे. या घरांतील आई-वडिलांना एच-१बी म्हणजे काय हे ठाऊक असते. स्टॅम्पिंग, लॉटरी, प्रायॉरिटी डेट हे शब्द देवघरातील उदबत्तीइतके परिचित झाले आहेत. परंतु एक विषय असा आहे की, तो या घरांत निघत नाही. तो विषय म्हणजे पोलीस ठाणे, फौजदारी न्यायालय आणि त्यांचा व्हिसाशी असलेला संबंध.

हा विषय न निघण्याचे कारण उघड आहे. 'आमची मुले तसली नाहीत', असा आई-वडिलांचा विश्वास असतो, आणि बहुतांशी तो सार्थही असतो. पण हा विषय सराईत गुन्हेगारांचा नाही. आयुष्यात एकदाच घडलेली चूक, घाईत केलेली एक सही आणि त्यानंतर केलेला एक निष्पाप प्रवास, या तीन गोष्टी एकत्र आल्या की पंधरा-वीस वर्षांचा संसार कसा विस्कटू शकतो, हे समजून घेण्यासाठी आजचा विषय आहे.

एका आठवड्याचा प्रवास

प्रारंभ एका ग्रीक गृहस्थाच्या कहाणीने करणे योग्य होईल. पनागिस वार्टेलास हे १९८९ मध्ये अमेरिकेचे कायम रहिवासी झाले, म्हणजे त्यांना ग्रीन कार्ड मिळाले. पुढे बनावट प्रवासी धनादेशांच्या एका प्रकरणात ते अडकले. १९९४ मध्ये त्यांनी कटात सहभागी असल्याची कबुली दिली, चार महिन्यांचा कारावास आणि त्यानंतर दोन वर्षांची देखरेख अशी शिक्षा भोगली, आणि ते पुन्हा आपल्या कामाला लागले. वृद्ध आई-वडिलांना भेटण्यासाठी ते अधूनमधून ग्रीसला जात आणि परत येत. जानेवारी २००३ मध्ये असेच एक आठवडा जाऊन ते न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरले. या वेळी मात्र अधिकाऱ्याने त्यांना थांबविले. १९९४ ची ती कबुली संगणकावर दिसत होती. ज्या देशात ते कायमचे राहत होते, त्याच देशाच्या दारात त्यांना 'प्रवेशासाठी नव्याने आलेला परका' ठरविण्यात आले आणि त्यांच्यावर हद्दपारीची कारवाई सुरू झाली.

असे का झाले? पूर्वी असा नियम होता की, कायम रहिवाशाचा अल्पकाळाचा, सहज आणि निर्दोष हेतूने केलेला परदेशप्रवास हा 'देश सोडणे' मानला जात नसे. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फ्लूटी प्रकरणात हे तत्त्व घालून दिले होते. त्या प्रकरणातील गृहस्थ सीमेपलीकडील मेक्सिकोत केवळ काही तासांसाठी गेले होते. परंतु १९९६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने स्थलांतरविषयक कायदा अतिशय कठोर केला, आणि ही सवलत संपली. आता ठरावीक प्रकारचा गुन्हा केलेला ग्रीन कार्डधारक एक दिवसासाठी जरी बाहेर गेला, तरी परत येताना तो नव्याने प्रवेश मागणारा मानला जातो.

वार्टेलास नऊ वर्षे लढले. अखेर मार्च २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मताधिक्याने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. कबुली दिली तेव्हा जो नियम अस्तित्वातच नव्हता, तो मागाहून त्यांना लावता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. ते सुटले खरे. परंतु या निकालाचा आधार नव्या नियमापूर्वी कबुली दिलेल्यांनाच आहे. आज अमेरिकेत शिकणाऱ्या वा नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांना तो नाही. त्यांना १९९६ चा कठोर नियमच लागू आहे.

खटल्यावाचून होणारा निवाडा

आता ही 'कबुली' नेमकी काय असते ते पाहू. आपल्या देशात फौजदारी खटला म्हटला की साक्षीपुरावे, उलटतपासणी आणि वर्षानुवर्षांच्या तारखा डोळ्यांसमोर येतात. कबुलीच्या तडजोडीची, म्हणजे प्ली बार्गेनिंगची तरतूद भारतीय कायद्यात २००५ च्या दुरुस्तीने आली आणि ती आजही क्वचितच वापरली जाते. अमेरिकेत याच्या नेमके उलट आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयानेच २०१२ च्या एका निकालात नमूद केले आहे की, केंद्रीय न्यायालयांतील ९७ टक्के आणि राज्यांच्या न्यायालयांतील ९४ टक्के दोषसिद्धी या कबुलीतून होतात. म्हणजे पूर्ण खटला हा अपवाद आणि तडजोड हाच नियम.

या तडजोडीचे स्वरूप मोठे मोहक असते. सरकारी वकील सांगतो, 'अमुक आरोप मान्य करा, बाकीचे मागे घेतो. तुरुंगवास नाही, दंड, समाजसेवेचे काही तास आणि वर्षभराची देखरेख.' आरोपी तरुण घाबरलेला असतो. नोकरीवर कळेल, घरी कळेल, ही धास्ती असते. वकीलही म्हणतो की, यापेक्षा चांगली तडजोड मिळणार नाही. अर्ध्या तासात सही होते. सुंठीवाचून खोकला गेला, असे वाटून मुलगा घरी जातो.

फौजदारी न्यायालयाच्या दृष्टीने खोकला खरोखरच गेलेला असतो. पण त्याच कागदाचे वाचन करणारे दुसरे एक खाते असते, आणि त्या खात्याचा शब्दकोश वेगळा असतो.

एक शब्द, दोन अर्थ

अनेक राज्यांत अशी सोय आहे की, आरोपीने कबुली दिल्यावर न्यायाधीश दोषी ठरविण्याचे तहकूब ठेवतात. वर्षभर वर्तन चांगले राहिले की खटला काढून टाकला जातो. राज्याच्या कायद्यानुसार त्या व्यक्तीला कधी दोषी ठरविलेलेच नसते. पण १९९६ पासून स्थलांतर कायद्यात दोषसिद्धीची स्वतंत्र व्याख्या आहे. त्या व्याख्येनुसार व्यक्तीने कबुली दिली, किंवा 'दोष मान्य नाही, पण आरोपाला आव्हानही देत नाही' असे सांगितले, किंवा दोष सिद्ध होण्यापुरती वस्तुस्थिती मान्य केली, आणि न्यायाधीशाने कोणत्याही स्वरूपाची शिक्षा वा बंधन घातले, की दोषसिद्धी झाली. निकालपत्र नसले तरी झाली. खटला पुढे काढून टाकला तरी ती राहिली.

शिक्षेबाबतही असेच आहे. न्यायाधीशाने एक वर्षाचा कारावास सुनावला आणि तो लगेच स्थगित केला, म्हणजे आरोपी एक रात्रही तुरुंगात राहिला नाही, तरी स्थलांतर कायद्याच्या हिशेबी ती एक वर्षाचीच शिक्षा. चोरीच्या गुन्ह्यात एक वर्षाची शिक्षा झाली, की तो गुन्हा थेट सर्वांत गंभीर श्रेणीत जाऊन बसतो आणि हद्दपारीतून सुटण्याचे बहुतेक मार्ग बंद होतात. १९८८ मध्ये ही श्रेणी निर्माण झाली तेव्हा तिच्यात खून, अमली पदार्थांचा व्यापार आणि शस्त्रांचा व्यापार एवढेच गुन्हे होते. नंतरच्या दुरुस्त्यांनी तिचा विस्तार इतका झाला की, नावाने गंभीर असलेल्या या श्रेणीत आज काही किरकोळ गुन्हेही येतात.

म्हणूनच तेथे ३६५ दिवस आणि ३६४ दिवस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कॅलिफोर्निया राज्याने किरकोळ गुन्ह्यांसाठीची कमाल शिक्षा एक वर्षावरून ३६४ दिवसांवर आणली. हा बदल २०१५ च्या प्रारंभापासून लागू झाला. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये तेच केले. एका दिवसाने माणसाचे भवितव्य बदलते, हे त्या राज्यांच्या विधिमंडळांनाही मान्य करावे लागले.

राहण्याची यादी आणि परतण्याची यादी

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी लोकांना माहीत असलेला मुद्दा असा की, अमेरिकी कायद्यात गुन्ह्यांच्या याद्या दोन आहेत. देशात असलेल्या परकीयाला कोणत्या कारणांनी बाहेर काढता येते, याची एक यादी. आणि दारात आलेल्या परकीयाला कोणत्या कारणांनी आत घेता येत नाही, याची दुसरी. या दोन्ही याद्या सारख्या नाहीत. पुष्कळदा एखादी व्यक्ती पहिल्या यादीत नसते, पण दुसऱ्या यादीत असते. ती घरी राहिली तर सुरक्षित. विमानात बसली की संकटात.

याचे ठळक उदाहरण गांजाचे आहे. स्वतःच्या वापरासाठी ३० ग्रॅम किंवा त्याहून कमी गांजा बाळगल्याचा एकच गुन्हा असेल, तर ग्रीन कार्डधारकाला त्या कारणाने देशाबाहेर काढता येत नाही. तसा स्पष्ट अपवाद कायद्यात आहे. परंतु प्रवेशाच्या यादीत हा अपवाद नाही. समजा, असा एक तरुण बहिणीच्या लग्नासाठी पंधरा दिवस कोल्हापूरला आला. तो अमेरिकेतच राहिला असता तर त्याला कोणी विचारले नसते. परतताना मात्र त्याचे प्रकरण स्थलांतर न्यायाधीशासमोर जाऊ शकते, आणि दरम्यान त्याला स्थानबद्धही केले जाऊ शकते. गुन्हा तोच, माणूस तोच. फरक केवळ प्रवासाचा.

येथे आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१२ मध्ये, कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये प्रौढांसाठी गांजाला मुभा दिली. तेथील आपली मुले सहज म्हणतात, 'इथे ते कायदेशीर आहे.' राज्यापुरते ते खरे आहे. पण स्थलांतर हा केंद्राचा विषय आहे आणि केंद्रीय कायद्यात गांजा हा नियंत्रित पदार्थच आहे. अमली पदार्थांच्या बाबतीत तर खटल्याचीही आवश्यकता नाही. अधिकाऱ्यासमोर रीतसर दिलेली कबुलीसुद्धा प्रवेश नाकारण्यास पुरेशी होऊ शकते.

सुशिक्षित घरांतील प्रसंग

आपल्या समाजातील व्यक्ती सामान्यतः ज्या प्रसंगांत सापडतात, त्यांचा विचार करू.

पहिला प्रसंग दुकानातील चोरीचा. वस्तूवरील किमतीची चिठ्ठी बदलणे, स्वतः बिल करण्याच्या यंत्रावर एखादी वस्तू न नोंदविणे, हे काही तरुणांना गंमत वाटते. पण चोरी हा 'नैतिक अधःपतनाचा गुन्हा' आहे. १८९१ पासून अमेरिकी कायद्यात असलेला हा शब्दप्रयोग आपल्याकडील सेवानियमांतही परिचित आहे. अशा एकाच किरकोळ गुन्ह्याला सवलत आहे: त्या गुन्ह्याची कमाल शिक्षा एक वर्षापेक्षा अधिक नसावी आणि प्रत्यक्ष दिलेली शिक्षा सहा महिन्यांपेक्षा अधिक नसावी. दुसऱ्यांदा तसे घडले की सवलत संपली. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या भारतातील दूतावासाने जाहीर इशाराच दिला की, मारहाण, चोरी वा घरफोडी यांमुळे व्हिसा रद्द होऊ शकतो आणि पुढेही व्हिसा मिळण्यात अडचण येऊ शकते. मुलांकडे सहा महिने राहायला जाणाऱ्या पालकांनीही हा इशारा ध्यानात ठेवावा.

दुसरा प्रसंग मद्य पिऊन वाहन चालविण्याचा. साध्या स्वरूपाच्या अशा गुन्ह्यामुळे सहसा हद्दपारी होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये लिओकाल प्रकरणात हा गुन्हा 'हिंसेचा गुन्हा' नसल्याचे ठरविले. त्यामुळे अनेक जण निश्चिंत राहतात. परंतु नोव्हेंबर २०१५ पासून तेथील परराष्ट्र खाते अशा कारणावरून, केवळ अटक झाली असली तरी, दोषसिद्धीची वाट न पाहता व्हिसा रद्द करू लागले. व्हिसा म्हणजे दारात दाखवायचा परवाना. तो रद्द झाल्याने आत असलेल्या व्यक्तीचे वास्तव्य बहुधा लगेच संपत नाही, नोकरी चालू राहते. पण ती व्यक्ती भारतात आली, की नवा व्हिसा घेतल्यावाचून परत जाऊ शकत नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात मुलाखत, नेमलेल्या डॉक्टरांची तपासणी, मग अनिश्चित काळ प्रतीक्षा. तिकडे घराचे हप्ते चालू, मुलांची शाळा चालू आणि कुटुंबप्रमुख इकडे अडकलेला.

तिसरा प्रसंग बोलण्यास अवघड आहे. पती-पत्नीमधील भांडण विकोपाला जाते, शेजारी वा स्वतः पत्नी पोलिसांना बोलावते आणि कित्येक राज्यांत हिंसेची शक्यता दिसताच पोलिसांना अटक करावीच लागते. घरातील हिंसाचाराचे समर्थन कोणत्याही सुसंस्कृत समाजाने करता कामा नये, आणि ज्या भगिनीवर हात उचलला जातो तिने पोलिसांना बोलावणे हा तिचा हक्क आहे. परंतु 'मिटवून टाकू' म्हणून दिलेली कबुली येथे मिटत नाही. कौटुंबिक हिंसेची दोषसिद्धी आणि संरक्षण आदेशाचा भंग ही दोन्ही हद्दपारीची स्वतंत्र कारणे आहेत. पत्नीचे वास्तव्य पतीच्या व्हिसावर अवलंबून असेल, तर त्या निकालाची झळ तिलाही लागते. म्हणून तिनेही स्वतंत्र सल्ला घेणे हिताचे असते.

वकिलाचे कर्तव्य

फौजदारी खटल्यात गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क अमेरिकेत १९६३ पासून आहे. हद्दपारीच्या कारवाईत तो नाही. कारण हद्दपारी ही शिक्षा नसून दिवाणी स्वरूपाची कारवाई आहे, असे तेथील न्यायालय १८९३ पासून मानत आले आहे. ज्याचे घरदार, नोकरी आणि मुले सारे तेथे आहे, त्याला ही शिक्षा नव्हे हे पटविणे कठीण आहे. पण कायदा तसा आहे.

मग कबुलीपूर्वी हे परिणाम आरोपीला सांगायचे कोणी? या प्रश्नाचे उत्तर ३१ मार्च २०१० रोजी पडिला प्रकरणात मिळाले. होजे पडिला हे मूळचे होंडुरासचे. चाळीस वर्षांहून अधिक काळ कायम रहिवासी असलेले आणि व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यात सेवा केलेले हे गृहस्थ मालमोटार चालवीत. केंटकी राज्यात त्यांच्या गाडीत गांजा सापडला. 'तुम्ही इतकी वर्षे येथे आहात, काळजीचे कारण नाही', असे वकिलाने सांगितले म्हणून त्यांनी कबुली दिली. तो सल्ला साफ चुकीचा होता. हद्दपारीचा धोका आहे की नाही हे अशिलाला सांगणे वकिलाचे घटनात्मक कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले.

२०१७ चे जे ली यांचे प्रकरण याहून बोलके आहे. दक्षिण कोरियातून १९८२ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, आई-वडिलांबरोबर आलेला हा मुलगा मेम्फिस परिसरात उपाहारगृहे चालवू लागला. अमली गोळ्यांच्या प्रकरणात वकिलाने त्यालाही सांगितले की, हद्दपारी होणार नाही. कबुलीच्या वेळी न्यायाधीशांनी विचारले, 'हद्दपारीच्या शक्यतेचा तुमच्या निर्णयावर परिणाम होतो का?' तो 'होय' म्हणाला. 'कसा?' असे विचारताच तो गोंधळला आणि वकिलाकडे वळला. वकिलाने सांगितले की, ही नेहमीची सूचना आहे. त्याने कबुली दिली आणि हद्दपारी अटळ झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती कबुली मागे घेण्यास त्याला अनुमती दिली, पण त्यासाठी कित्येक वर्षे झगडावे लागले. न्यायाधीश सावध करीत असताना 'ही औपचारिकता असते' असे कोणी कानात सांगितले, तर तेथेच थांबावे, हा या प्रकरणाचा धडा आहे.

कागद म्हातारा होत नाही

'इतक्या वर्षांपूर्वीचे कोण पाहतो?' असेही म्हटले जाते. २०२५ मधील एक घटना याचे उत्तर देते. तान्ह्या वयात भारतातून अमेरिकेत गेलेले एक गृहस्थ पेनसिल्व्हेनियात खुनाच्या आरोपाखाली चार दशकांहून अधिक काळ तुरुंगात होते. पुरावा दडविला गेल्याचे उघड झाले, दोषसिद्धी रद्द झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये खटला मागे घेण्यात आला. तुरुंगाच्या दारातून मात्र ते घरी न जाता थेट स्थलांतर खात्याच्या ताब्यात गेले. कारण कोवळ्या तारुण्यात अमली पदार्थाच्या आरोपाला आपण आव्हान देत नाही, असे त्यांनी न्यायालयात सांगितले होते. खुनाचा कलंक पुसला गेला. त्या जुन्या कागदावरची हद्दपारी उभीच राहिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयांनी ती स्थगित केली. पण इतक्या वर्षांनंतरही तो कागद जिवंत होता, हे विसरता येत नाही.

चांगल्या वर्तनामुळे राज्याने नोंद पुसून टाकली, तरी स्थलांतर खाते ती पुसलेली मानत नाही, असे १९९९ पासूनचे धोरण आहे. मूळ कारवाईतच कायदेशीर दोष होता म्हणून न्यायालयाने कबुली रद्द केली, तरच ती मोजली जात नाही. कॅलिफोर्नियात २०१७ पासून अशी तरतूद आहे की, परिणाम न समजता दिलेली कबुली शिक्षा संपल्यानंतरही रद्द करवून घेता येते. म्हणजे मार्ग आहे. तो प्रवासाआधी शोधायचा असतो, विमानतळावर नव्हे.

काय करावे?

कोणत्याही सार्वभौम राष्ट्राला आपल्या दारात कोणाला घ्यावे हे ठरविण्याचा अधिकार आहे. परकीयांनी आपल्या भूमीत आपले कायदे पाळावेत, अशी अपेक्षा भारतही करतो. म्हणून पहिला उपाय सर्वांना ठाऊक असलेलाच आहे: ज्या देशाचे अन्न खातो, त्या देशाचा कायदा पाळावा. परंतु चूक घडलीच, किंवा चूक नसताना आरोप आला, तर काही गोष्टी कटाक्षाने कराव्यात.

अटक झाल्यास शांत राहावे, वकील मागावा आणि भारतीय वाणिज्य दूतावासाला कळविण्याची विनंती करावी. १९६३ च्या व्हिएन्ना कराराने हा हक्क दिला आहे. कोणत्याही कबुलीवर सही करण्यापूर्वी फौजदारी वकिलाबरोबर स्थलांतर कायद्याच्या वकिलाचाही लेखी सल्ला घ्यावा. फौजदारी वकिलाला पहिल्याच भेटीत सांगावे, 'मी या देशाचा नागरिक नाही.' पुष्कळदा थोड्या वेगळ्या कलमाखाली वा एक दिवस कमी शिक्षेवर तडजोड होऊ शकते, आणि तेवढ्याने संसार वाचतो.

जुने प्रकरण असेल तर न्यायालयाच्या अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत काढून ठेवावी. ग्रीन कार्डचे नूतनीकरण, नागरिकत्वाचा अर्ज किंवा परदेशप्रवास, या तिन्हींपूर्वी ती वकिलाला दाखवावी. नागरिकत्वाच्या अर्जातून जुने प्रकरण वर येऊन हद्दपारीची कारवाई सुरू होऊ शकते. ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित असेल, तर प्रवासाच्या परवानगीचा नियम आपल्या व्हिसाला कसा लागू होतो हे आधी पाहावे. १८० दिवसांपेक्षा अधिक काळ सलग बाहेर राहिलेला ग्रीन कार्डधारकही परतताना नव्याने प्रवेश मागणारा ठरतो, मग त्याच्यावर कोणताही गुन्हा नसो. विमानतळावर ग्रीन कार्ड 'स्वेच्छेने' परत करण्याच्या कागदावर सही करण्याचे बंधन नाही. न्यायाधीशासमोर बाजू मांडण्याचा हक्क मागता येतो.

व्हिसाच्या अर्जात कधीही अटक झाली होती का, असा प्रश्न असतो. तेथे खरे उत्तरच द्यावे. लपविणे हा स्वतंत्र दोष ठरतो आणि मूळ गुन्ह्यापेक्षा तो जड जातो. व्हिसा नाकारल्यास अमेरिकी न्यायालये सहसा हस्तक्षेप करीत नाहीत, हे २०२४ मधील म्युन्योझ निकालाने पुन्हा स्पष्ट केले आहे.

गेल्या काही काळातील घटना पाहिल्या की सावधगिरीची गरज अधिकच पटते. २०२५ च्या एप्रिलपर्यंत हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी पोलिसी माहितीशी ताडून अचानक रद्द करण्यात आल्या. त्यांत किरकोळ वाहतूक प्रकरणे आणि काढून टाकलेले खटले असणारेही होते. न्यायालयांत दावे दाखल झाल्यावर महिनाअखेरीस सरकारने त्या नोंदी पूर्ववत करण्याचे जाहीर केले. डिसेंबर २०२५ मध्ये समाजमाध्यमांच्या तपासणीमुळे भारतातील अनेक एच-१बी मुलाखती काही महिने पुढे गेल्या आणि कोणताही डाग नसलेली माणसेही येथे अडकून पडली. ज्यांच्या नावावर एखादे प्रकरण आहे, त्यांनी किती जपावे हे यावरून समजावे.

पालकांचा वाटा

शेवटचा मुद्दा येथे बसलेल्या आई-वडिलांशी संबंधित आहे. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' अशी आपल्याकडची रीत आहे. मुलगा अडचणीत आला तर घरी सांगत नाही. सांगितले तर घर नातेवाइकांना सांगत नाही. या लाजेपोटी वकील उशिरा गाठला जातो, कबुली घाईने दिली जाते आणि पुढे 'धाकट्याच्या मुंजीला यायलाच हवे' असा आग्रह झाला की, खरे कारण सांगण्याऐवजी मुलगा विमानात बसतो. ती झाकलेली मूठ मग विमानतळावरचा संगणक उघडतो.

म्हणून मुले परदेशी निघताना त्यांच्या सामानात गोडा मसाला आणि औषधांबरोबर एक आश्वासनही बांधून द्यावे: 'काही घडले तर पहिला फोन घरी कर. रागावणे नंतर होईल, आधी वकील पाहू.' आणि काही घडले असेल, तर बोलावण्यापूर्वी विचारावे, 'येणे सुरक्षित आहे ना?' वडिलांचे आजारपण असो, बहिणीचे लग्न असो, प्रसंगी अंत्यसंस्कार असोत. मुलगा आला नाही म्हणून त्याला कर्तव्यशून्य ठरविण्याआधी त्याच्या पायातील ही अदृश्य बेडी समजून घ्यावी. वार्टेलास आई-वडिलांना भेटायलाच गेले होते. त्या आई-वडिलांना हे ठाऊक असते, तर त्यांनीच मुलाला सांगितले असते, 'या वर्षी येऊ नकोस. आम्हीच येतो.'